एआयला विचारलं, "जवळचं चर्च कोणतं?" तर तुमच्या चर्चचं नाव येईल का?

नोकरीसाठी जालन्याहून पुण्याला आलेला माणूस पूर्वी ओळखीच्या कुणाला तरी विचारायचा, "इथे मराठी उपासना कुठे होते?" आता बरेच जण हाच प्रश्न मोबाइलवर चॅटजीपीटी, जेमिनी किंवा परप्लेक्सिटीला विचारतात. उत्तरात दोन-तीन चर्चची नावं आणि वेळा येतात. त्यावर विसंबून माणूस रविवारी घराबाहेर पडतो. वेळ चुकीची असेल, तर त्याला बंद फाटक दिसतं. नवख्या शहरात असा अनुभव आला की पुन्हा कुठे जायची हिंमत सगळ्यांनाच होत नाही.

आपलं चर्च या उत्तरांत यावं आणि बरोबर माहितीसह यावं, यासाठी मंडळीला काय करता येईल? त्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. नवख्याला पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरं साध्या शब्दांत, एकाच ठिकाणी लिहून ठेवणं आणि ती ताजी ठेवणं, हे यातलं मुख्य काम आहे.

नेमकं काय बदललं?

गूगलवर शोधलं की पूर्वी दुव्यांची यादी यायची. त्यातून निवड आपण करायचो. मे २०२४ मध्ये गूगलनं अमेरिकेत शोधनिकालांच्या वर एआयनं लिहिलेला सारांश दाखवायला सुरुवात केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ही सोय भारतात आली. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस चॅटजीपीटीमध्येही इंटरनेटवर शोध घेण्याची सुविधा सुरू झाली.

फरक असा, की यादीत दहाव्या क्रमांकावर असलेलं चर्चही कुणाच्या तरी नजरेस पडायचं. तयार उत्तरात मात्र दोन-तीनच नावं असतात. शिवाय प्रश्नही बदलले आहेत. "चर्च पुणे" एवढंच न लिहिता लोक आता विचारतात, "हडपसरजवळ मराठीत उपासना होणारं, लहान मुलांसाठी संडे स्कूल असलेलं चर्च सांग." या प्रश्नातली प्रत्येक अट कुठेतरी लिहिलेली सापडली, तरच एआय ते नाव खात्रीनं सांगू शकतं.

एआय ही माहिती कुठून आणतं?

स्थानिक प्रश्न आला की अशी साधनं साधारणपणे त्याच वेळी इंटरनेटवर शोध घेतात. चर्चची वेबसाइट, नकाशावरची नोंद, धर्मप्रांताची यादी, विकिपीडिया, बातम्या, लोकांनी लिहिलेले अभिप्राय असं काय काय सापडतं, त्यातून उत्तर जुळवलं जातं. चार ठिकाणी चार वेळा दिल्या असतील, तर एआय त्यातली कोणतीही उचलू शकतं. काहीच सापडलं नाही, तर ते कधी कधी अंदाजानं वेळ ठोकून देतं आणि तीही अगदी ठाम भाषेत.

आपल्याकडच्या चर्चची माहिती का सापडत नाही?

*सूचना चित्रात असते.* नाताळची किंवा उपवासकाळाची सगळी वेळापत्रकं सुंदर पोस्टरवर छापून व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात. त्या ग्रुपमधलं काहीच शोधयंत्रांना दिसत नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या मजकुराचाही भरवसा धरता येत नाही.

*जुने फॉन्ट.* अनेक मंडळ्यांची मासिकं आणि पत्रकं आजही श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात. त्यांची पीडीएफ आपल्याला मराठी दिसते, पण संगणकाला तिथे इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची सरमिसळ दिसते. तोच मजकूर युनिकोडमध्ये वेबपानावर टाकला, तर तो वाचला जातो.

*शब्द वेगवेगळे.* वसईचा कॅथलिक माणूस 'मिस्सा' शोधतो, प्रोटेस्टंट माणूस 'उपासना' आणि शाळेतून इंग्रजी शिकलेला तरुण 'मास' किंवा 'सर्व्हिस'. वेबसाइट फक्त इंग्रजीत असेल, तर मराठीत विचारणाऱ्यापर्यंत ती पोहोचण्याची शक्यता कमी होते. म्हणून दोन्ही भाषांत, आणि लोक वापरतात ते सगळे शब्द घेऊन लिहावं.

*नावं सारखी.* मुंबईत कुलाब्याला 'होली नेम कॅथेड्रल' आहे. ते रोमन कॅथलिक आहे. पुण्यात गुरुवार पेठेतही 'होली नेम कॅथेड्रल' आहे, पण ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, आणि पुणेकर त्याला 'पंचहौद' या नावानं ओळखतात. सेंट मेरी, सेंट पॉल, होली क्रॉस ही नावं तर कितीतरी ठिकाणी आहेत. चर्चचं पूर्ण नाव, लोकांच्या तोंडी असलेलं नाव, पंथ, परिसर आणि शहर या पाचही गोष्टी एकत्र लिहिल्या, तर गोंधळ टळतो.

*शहरांची नावं बदलली.* अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. जुन्या नोंदी जुन्या नावांनीच आहेत. काही वर्षं तरी पत्त्यात दोन्ही नावं द्यावीत.

वेबसाइटवर काय लिहावं?

चर्चचा इतिहास, पायाभरणीचं वर्ष, पाळकांची नामावली हे बऱ्याच ठिकाणी असतं. नवख्याला मात्र आधी वेगळंच हवं असतं. 'पहिल्यांदा येताय?' असं एक पान करा आणि त्यात या प्रश्नांची उत्तरं द्या:

• कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या भाषेत उपासना किंवा मिस्सा होते? साधारण किती वेळ चालते?
• शनिवारी संध्याकाळी रविवारची मिस्सा असते का?
• जवळचं रेल्वे स्टेशन, मेट्रो किंवा बसथांबा कोणता? रिक्षावाल्याला कोणती खूण सांगायची?
• गाडी लावायला जागा आहे का? व्हीलचेअर आत जाते का?
• मुलांसाठी संडे स्कूल कधी असतं?
• ख्रिस्ती नसलेल्या माणसानं आलं तर चालतं का?
• प्रभुभोजनात किंवा कम्युनियनमध्ये कोण सहभागी होऊ शकतं?
• अर्पण द्यावंच लागतं का?
• आजारी माणसाला भेट, बाप्तिस्मा, लग्न किंवा अंत्यविधी यासाठी कुणाशी बोलायचं?

शेवटचा प्रश्न अनेकदा राहून जातो. परक्या शहरात घरातलं माणूस गेलं, की कुटुंबाला काही तासांत पाळक किंवा फादर शोधावे लागतात. त्या वेळी कार्यालयाचा चालू असलेला फोन नंबर सापडणं हीच मोठी मदत असते.

उत्तरं पूर्ण वाक्यांत लिहा. उदाहरणार्थ, "दर रविवारी सकाळी ८ वाजता मराठीत आणि १० वाजता इंग्रजीत उपासना होते. ती साधारण दीड तास चालते. ज्यांना चर्चची सवय नाही, त्यांचंही स्वागत आहे." अशी वाक्यं माणसाला कळतात आणि एआयलाही उचलायला सोपी जातात. पानाच्या खाली माहिती शेवटची कधी तपासली, ती तारीख घाला.

नकाशावरची नोंद विसरू नका

वेबसाइट नसली तरी गूगल बिझनेस प्रोफाइल मोफत करता येतं. अनेक चर्चची नोंद तिथे आधीच असते, पण ती कुणी ताब्यात घेतलेली नसते. अशा नोंदीत कुणीही बदल सुचवू शकतं. चर्चनं आपली ओळख पडताळून ती आपल्याकडे घ्यावी. कार्यालयाची वेळ आणि उपासनेची वेळ यांची गल्लत होऊ देऊ नये. नाताळ, उत्तम शुक्रवार आणि ईस्टरसाठी विशेष वेळा आधीच भराव्यात. बिंगच्या नोंदीत आणि ओपनस्ट्रीटमॅपवरही तेच नाव, तोच पत्ता, तोच फोन असावा.

तांत्रिक बाजू किती महत्त्वाची?

वेबसाइट सांभाळणाऱ्याला दोन गोष्टी विचारा. पहिली, रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये एआयच्या शोधबॉटना बंदी तर नाही ना? ओपनएआयचे बॉट वेगवेगळे आहेत. चॅटजीपीटीच्या शोधासाठी ओएआय-सर्चबॉट येतो, तर मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी जीपीटीबॉट. एकाला परवानगी देऊन दुसऱ्याला नाकारता येते.

दुसरी, स्कीमा डॉट ऑर्गची खूणपद्धत वापरली आहे का? गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी २०११ मध्ये सुरू केलेल्या या पद्धतीत 'चर्च' असा स्वतंत्र प्रकार आहे. पत्ता, वेळा, फोन यंत्राला नीट कळावेत म्हणून तिचा उपयोग होतो. मात्र एआय सारांशात येण्यासाठी खास खुणा लागत नाहीत, असं गूगलनंच म्हटलं आहे. त्यामुळे "एआयमध्ये पहिल्या क्रमांकावर आणतो" म्हणून कुणी मोठी रक्कम मागत असेल, तर सावध राहा. असा क्रमांक कुणीच खात्रीनं देऊ शकत नाही.

काय लिहू नये?

एकदा उघड्या पानावर गेलेली माहिती परत घेता येत नाही. प्रार्थनेसाठी दिलेली आजाऱ्यांची नावं, घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभांचे पत्ते, सभासदांचे खासगी नंबर आणि संडे स्कूलच्या मुलांचे नावासह फोटो टाकू नयेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. संपर्कासाठी व्यक्तीचा नंबर देण्याऐवजी कार्यालयाचा नंबर आणि ईमेल द्यावा. पाळक बदलले तरी तो चालू राहतो.

तपासायचं कसं?

महिन्यातून एकदा, मंडळीतल्या एखाद्या तरुणानं दोन-तीन एआय साधनांना नवखा असल्यासारखे प्रश्न विचारावेत. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. चर्चचं नाव न घेता आणि नाव घेऊनही. उत्तर चुकलं, तर त्याखाली दिलेला दुवा उघडून पाहावा. चूक बहुतेक वेळा तिथे सापडते: बंद पडलेली जुनी वेबसाइट, एखाद्या यादीतला जुना नंबर, गेल्या वर्षीच्या नाताळचं पान. मुळातली नोंद दुरुस्त केली की उत्तरही सुधारतं, पण त्याला काही दिवस किंवा आठवडे लागू शकतात. म्हणून नाताळच्या वेळा डिसेंबरच्या सुरुवातीलाच टाकाव्यात.

एआय फक्त फाटकापर्यंतचा रस्ता दाखवतं. तिथे वेळेवर पोहोचलेल्या माणसाला आत घेऊन जायला, शेजारी बसवायला आणि गीतांच्या पुस्तकाचं पान काढून द्यायला कुणीतरी उभं असावं लागतं. 'स्वागत आहे' असं पानावर लिहिणाऱ्या मंडळीनं आधी दारात उभं राहणाऱ्याचं नाव ठरवावं.