साबणाच्या उलट स्वभावाचे रसायन आणि ते मोजणारा इलेक्ट्रोड

१/ रुग्णालयाची फरशी पुसण्याच्या द्रावणात जंतुनाशक नेमके किती आहे, हे डोळ्यांना कळत नाही. ते कमी पडले तर जंतू जगतात. जास्त झाले तर सांडपाण्यावाटे जलचरांना बाधते. हे प्रमाण मोजण्याच्या धडपडीचा हा इतिहास.

२/ साबण पाण्यात विरघळला की त्याच्या लांब शृंखलेवर ऋण भार येतो. धनायनी पृष्ठक्रियाकारकांत तोच भार धन असतो. जंतूंचा पृष्ठभाग ऋणभारित असल्याने ही द्रव्ये तेथे चिकटतात व पेशीपटल उद्ध्वस्त करतात. बेंझाल्कोनियम क्लोराइडाचा हा गुण १९३५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ गेरहार्ट डोमाक यांनी मांडला. प्रॉन्टोसिलवरील त्यांचे गाजलेले संशोधनही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले.

३/ मात्र साबण आणि हे द्रव्य एकत्र आले की दोन्ही परस्परांना निकामी करतात. फरशीवर साबणाचा अंश राहिला तरी जंतुनाशक दुबळे होते. म्हणूनच बाटलीवरील आकडा पुरेसा नसतो.

४/ गंमत अशी की मोजमापाची पहिली प्रभावी रीत याच वैरातून निघाली. १९४७ मध्ये एस. आर. एप्टन यांनी पाणी व क्लोरोफॉर्म यांच्या दोन थरांत मिथिलीन ब्लू मिसळून ऋणायनी द्रव्याचे धनायनी द्रव्याशी अनुमापन केले. दोन्ही थर सारखेच निळे दिसले की मोजणी पूर्ण. उलट बाजूने धनायनी द्रव्यही मोजता येई.

५/ पण प्रत्येक चाचणीला विषारी क्लोरोफॉर्म लागे, आणि निर्णय माणसाच्या नजरेवर राही. गढूळ वा रंगीत नमुन्यात ती नजरही फसे.

६/ दुसरा प्रवाह विद्युत्‌रसायनाचा. १९०६ मध्ये माक्स क्रेमर यांनी काचेच्या पातळ पटलाच्या दोन बाजूंस विद्युत् विभव निर्माण होतो हे दाखविले. १९६६ मध्ये फ्रँट आणि रॉस यांनी लँथॅनम फ्लुओराइडाच्या स्फटिकाचा फ्लुओराइड इलेक्ट्रोड घडविला. निवडक आयन ओळखणारे पटल आता स्वप्न राहिले नव्हते.

७/ १९७० मध्ये फ्रान्सच्या गाव्हाक व सेटा यांनी द्रव पटलाचा इलेक्ट्रोड धनायनी पृष्ठक्रियाकारकांसाठी वापरला. त्याच वर्षी मूडी, ओक व थॉमस यांचा पीव्हीसी पटलातील कॅल्शियम इलेक्ट्रोड प्रसिद्ध झाला. पुढे पीव्हीसीचे हे तंत्र पृष्ठक्रियाकारकांनाही लागू झाले.

८/ तत्त्व सोपे आहे. पटलात धनायनी द्रव्य आणि एक मोठा, तेलस्नेही ऋणायन यांची जोडी असते. २५ अंश सेल्सिअसला एकभारी आयनाची तीव्रता दहापट झाली की विभव सुमारे ५९ मिलिव्होल्टांनी बदलतो. टेट्राफेनिलबोरेटाने अनुमापन करताना अंत्यबिंदूवर विभव एकदम उडी घेतो. रंग पाहावा लागत नाही, क्लोरोफॉर्म लागत नाही.

९/ मर्यादाही आहेत. विशिष्ट तीव्रतेपलीकडे रेणू मिसेल नावाच्या पुंजक्यांत गोळा होतात; इलेक्ट्रोडला मात्र मुक्त आयनच जाणवतात. सदृश द्रव्यांत भेदही त्याला नीट करता येत नाही. एकूण किती, हे तो सांगतो. नेमके कोणते, हे नव्हे.

१०/ तरीही प्रयोगशाळेत दिवसभर क्लोरोफॉर्मची वाफ हुंगणाऱ्या माणसाची त्यातून सुटका झाली, ही या छोट्या पटलाची मोठी कमाई.