दात काढून तारा लावल्या, तरी ओळ पुन्हा का बिघडते?

दाटीवाटीने आलेल्या दातांना तारा लावताना जागा करण्यासाठी बहुतेक वेळा सुळ्यामागची पहिली उपदाढ काढतात. वर दोन आणि खाली दोन. ‘चांगले चार दात काढले, आता ओळ कायम सरळ राहील ना?’ हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. दात काढून जागा मिळते, कायमची हमी मात्र मिळत नाही.

अभ्यास काय सांगतो?
अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये पहिल्या उपदाढा काढलेल्या ६५ रुग्णांची पाहणी मांडली. रिटेनर बंद होऊन किमान १० वर्षे झाली होती. सुमारे दोन तृतीयांश जणांच्या खालच्या पुढच्या दातांची ओळ समाधानकारक राहिली नव्हती. १९८८ मध्ये २० वर्षांनंतरची स्थिती मांडली गेली, तेव्हा जेमतेम १० टक्के जणांची ओळ ठीक होती. कोणाचे दात सरकतील, हे आधी ओळखता येईल अशी खात्रीची खूण सापडली नाही.
मग दात न काढलेलेच बरे का? तसेही नाही. खालची कमान रुंद करून जागा केलेल्यांमध्येही दाटी परत आलेली दिसली.

कारणे
दाताभोवतीचे तंतू नव्या जागी रुळायला महिने लागतात. हिरडीतले काही तंतू वर्षभरही ताणलेले राहतात. शिवाय वयानुसार खालच्या सुळ्यांमधली रुंदी कमी होत जाते. कधीच तारा न लावलेल्यांचेही खालचे दात चाळिशीपर्यंत दाटतात. दोष अक्कलदाढेला दिला जातो, पण केवळ दाटी टाळायला ती काढण्यास ठोस आधार नाही.

काय करावे?
• रिटेनर किती काळ वापरायचा, हे तारा लावण्याआधीच विचारून घ्या. ओळ टिकवायची तर रात्रीचा वापर वर्षानुवर्षे चालू ठेवावा लागतो.
• रिटेनर घट्ट बसू लागला, तर दात सरकू लागलेत असे समजा आणि लवकर डॉक्टरांना दाखवा.
• प्लास्टिकचा रिटेनर गरम पाण्यात धुऊ नका; त्याचा आकार बिघडतो.
• दातांमागे चिकटवलेली तार एका दातावरून सुटली, तरी पटकन कळत नाही. ती नियमित तपासून घ्या, तिथली सफाईही नीट ठेवा.
• शिक्षण-नोकरीसाठी गाव बदलताना एक्स-रे, साचे आणि उपचाराची फाईल सोबत न्या.