किराणा ॲपवर जास्तीचे कूपन कसे मिळवायचे? खरी बचत कशी मोजायची?

पुण्यात आम्ही तिघे एका फ्लॅटमध्ये राहतो आणि किराण्याचा हिशोब शीटमध्ये ठेवतो. एका महिन्यात ॲपने अभिमानाने सांगितलं, ‘तुम्ही ₹१,१४० वाचवले!’ शीट उघडली तर किराण्याचा खर्च आधीच्या महिन्यापेक्षा ₹१,६०० ने वाढलेला. कूपन तर सगळे खरे होते, मग पैसे गेले कुठे? दिवसभर कोड लिहिणारा माणूस असल्यामुळे मी कूपनच्या अटी नीट वाचायला बसलो. त्यातून जे समजलं ते या लेखात सांगतो.

कूपन लागू होतं म्हणजे नक्की काय होतं?

तुम्ही ‘अप्लाय’ दाबलं की ॲपचा सर्व्हर काही अटी तपासतो: कार्टची रक्कम, त्यातल्या वस्तू, तुमचं खातं नवीन आहे की जुनं, हे कूपन आधी किती वेळा वापरलं आणि पैसे कशाने भरताय. एक जरी अट चुकली तरी कूपन नाकारलं जातं. म्हणूनच मित्राच्या फोनवर चालणारा कोड तुमच्याकडे चालेलच असं नाही.

जास्तीचे कूपन कुठे मिळतात?

* ॲपमधलं ऑफर पेज: सगळे कूपन कार्टमध्ये आपोआप दिसत नाहीत. पेमेंट करण्याआधी पूर्ण यादी उघडून बघा.
* बँक ऑफर: कार्डाच्या पहिल्या सहा ते आठ आकड्यांवरून ते कोणत्या बँकेचं आहे हे सिस्टमला कळतं. ठराविक वारी ठराविक कार्डावर सूट असते. घरात कोणाकडे कोणतं कार्ड आहे ते माहीत असू द्या.
* यूपीआय ॲपची बक्षिसं: गुगल पे, फोनपे यांच्या रिवॉर्ड विभागात किराणा ॲपचे कूपन पडून असतात. आपण ते स्क्रॅच करतो आणि विसरतो. महिन्यातून एकदा मुदत तपासा.
* गिफ्ट व्हाउचर: काही बँकांच्या ॲपमध्ये किराणा ॲपचं व्हाउचर थोड्या कमी किमतीत मिळतं. जिथून नेहमी मागवता तिथलंच घ्या.
* थांबून बघणं: कार्ट भरून ऑर्डर न करता एक दिवस सोडली तर काही वेळा ॲप स्वतःच कूपन पाठवतं. घाई नसेल तर करून बघायला हरकत नाही.

दोन सवलती एकत्र कशा घ्यायच्या?

दोन कूपन कोड सहसा एकत्र चालत नाहीत. पण एक कोड आणि एक बँक ऑफर अनेकदा चालते, कारण कोड कार्टवर लागतो आणि बँकेची सूट पेमेंटच्या वेळी. इथे एक मेख आहे. बँक ऑफरची किमान रक्कम बऱ्याचदा कूपन वजा झाल्यावर तपासली जाते. समजा कार्ट ₹१,०५० ची आहे, कूपनने ₹१०० कमी झाले आणि बँकेची अट ₹१,००० ची आहे. आता उरले ₹९५०, म्हणजे बँकेची सूट गेली. अशा वेळी दोन्हींपैकी मोठी सूट ठेवा, किंवा पुढच्या आठवड्यात लागणारं तेल आजच घ्या.

‘२०% सूट, कमाल ₹१००’ चा अर्थ

कमाल सूट भागिले टक्केवारी करा. २० टक्क्यांनी ₹१०० ची सूट मिळवायला ₹५०० ची खरेदी लागते. त्यापुढच्या प्रत्येक रुपयावर सूट शून्य. कूपन दोनदा वापरता येत असेल तर ₹१,००० च्या एका ऑर्डरपेक्षा ₹५०० च्या दोन ऑर्डर फायद्याच्या. फक्त दुसऱ्या डिलिव्हरीचा खर्च वजा करून बघा.

आमचे पैसे कुठे गेले?

आमच्या शीटमधलं हे एक उदाहरण. गरजेच्या वस्तू ₹४३० च्या, डिलिव्हरी ₹२५, हाताळणी शुल्क ₹१०. एकूण ₹४६५. ॲप म्हणालं, ₹५९९ च्या वर गेलात तर ₹७५ सूट आणि डिलिव्हरी फुकट. आम्ही ₹१७० चे चिप्स टाकले. बिल झालं ₹६०० वजा ₹७५ अधिक ₹१०, म्हणजे ₹५३५.

म्हणजे खिशातून ₹७० जास्त गेले. त्या जागी तूरडाळ घेतली असती, तर नाहीतरी लागणारी ₹१७० ची डाळ ₹७० मध्ये पडली असती. कूपन तेच, पण एकदा तोटा आणि एकदा ₹१०० चा फायदा. फरक एवढाच की ती वस्तू यादीत आधीपासून होती का.

अजून एक सवय लावा. पाकिटावर एमआरपीसोबत प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो किंमत छापलेली असते, ती बघा. कूपन लावूनही कोपऱ्यावरच्या दुकानात तीच डाळ स्वस्त असेल, तर खाली उतरून घेऊन या.

हे मात्र करू नका

* नवीन सिम, नवीन खातं: नवीन ग्राहकाच्या सवलतीसाठी आमच्या एका रूममेटने दोन खाती काढली. फोन आणि पत्ता तोच असल्यामुळे दोन्ही बंद झाली आणि वॉलेटमधले ₹३४० अडकले.
* व्हॉट्सॲपवरची लिंक: ‘मोफत किराणा कूपन’ म्हणून आलेली एपीके फाईल इन्स्टॉल करू नका. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे तुमचे पैसे जाणार. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.
* खोटी घाई: न मागितलेली वस्तू कार्टमध्ये टाकणं, ‘फक्त ५ मिनिटं उरली’ असं खोटं दाखवणं, या प्रकारांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या नियमावलीत मनाई केली आहे. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आता आम्ही काय करतो?

आधी यादी, मग कूपन. आठवड्याची यादी लिहिल्याशिवाय कोणी ॲप उघडत नाही. शीटमध्ये आता ‘वाचले’ हा कॉलमच नाही, फक्त ‘महिन्याचा एकूण खर्च’ आहे. तुम्हीही या महिन्यापासून तो एक आकडा लिहून ठेवा. तो खाली आला, तरच कूपनने काम केलं असं समजा.