च्यवनप्राशच्या डब्यावरचा 'ऋषभक' नेमका आहे तरी काय?

च्यवनप्राशच्या डब्यामागची घटकांची यादी कधी वाचली आहे का? आवळा, पिंपळी, वेलची ही नावं ओळखीची असतात. पण काही डब्यांवर 'ऋषभक' असंही एक नाव दिसतं. ही आहे हिमालयातली एक छोटीशी आमरी, म्हणजेच ऑर्किड.

ही वनस्पती दिसते कशी?

आमरी म्हटलं की झाडाच्या फांदीवर लोंबणारा फुलांचा घोस आठवतो. ऋषभक मात्र जमिनीवर उगवतो. बहुतेक अभ्यासक ज्या वनस्पतीला ऋषभक मानतात, तिचं शास्त्रीय नाव मॅलॅक्सिस मस्सिफेरा. साधारण अडीच ते चार हजार मीटर उंचीवरच्या गवताळ उतारांवर ती सापडते. बुडाशी बहुधा दोनच पानं आणि पावसाळ्यात वर येणारा एक दांडा. त्यावर पिवळट हिरवी, इतकी बारीक फुलं की गवतात सहज नजरेतून सुटावीत.

औषधात वापरतात तो तिचा कंद. तो बैलाच्या शिंगासारखा दिसतो, असं वर्णन 'भावप्रकाश' या १६व्या शतकातल्या ग्रंथात आहे. 'ऋषभ' म्हणजे बैल, म्हणून हे नाव.

अष्टवर्ग म्हणजे काय?

आयुर्वेदात आठ बलवर्धक वनस्पतींच्या गटाला अष्टवर्ग म्हणतात. त्यातल्या जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी या चार आमरी मानल्या जातात. चरकसंहितेतल्या च्यवनप्राशच्या पाठातही ऋषभक आहे.

मग अडचण कुठे आहे?

आवळा तोडला तरी झाड उभं राहतं. कंद खणला की अख्खं रोप जातं. बी पिकण्याआधीच खणलं, तर पुढची पिढीही जाते. त्यात आमरीचं बी धुळीइतकं बारीक असतं आणि त्यात अन्नाचा साठा नसतो. मातीतल्या विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. म्हणून बी टाकलं आणि पीक आलं, असं इथे होत नाही. जगातल्या सगळ्याच आमरींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइट्स' करारानुसार नियंत्रण आहे, त्यात हीसुद्धा आली.

पर्याय आहे का?

आहे, आणि तो नवा नाही. अष्टवर्ग राजांनाही मिळणं कठीण, असं सांगून भावप्रकाशानेच बदली वनस्पती सुचवल्या आहेत. जीवक-ऋषभकाऐवजी विदारीकंद, ऋद्धी-वृद्धीऐवजी वाराहीकंद, मेदा-महामेदाऐवजी शतावरी आणि काकोली-क्षीरकाकोलीऐवजी अश्वगंधा. विदारीकंद म्हणजे घोडवेलीचा कंद. ही वेल महाराष्ट्रातल्या जंगलांतही आढळते.

त्यामुळे 'अस्सल अष्टवर्गयुक्त' असं लिहिलेला डबा दिसला, तर एक प्रश्न जरूर विचारा: यातला ऋषभक लागवडीचा आहे की डोंगरातून खणून आणलेला?