कॅसिनो कुठे बांधायचा? आधी विचारा, खिसा कोणाचा!

मुंबईत कॅसिनो आणायचा विषय दर काही वर्षांनी डोकं वर काढतो. महसूल, पर्यटन, रोजगार यावर जोरात चर्चा होते. "बांधायचा कुठे?" हा प्रश्न मात्र शेवटी येतो, जणू तो फक्त नगररचना खात्याचा आहे. पण मंडळी, इतिहास बघा. जुगाराची जागा ठरली की कोणाचा खिसा रिकामा होणार, हेही ठरतं.

मुंबईचंच घ्या. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ चं. तिथली पैज परवान्याने, ऐटीत चालत आली. गिरणगावातल्या कामगाराच्या वाट्याला आला तो मटका. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे भाव तारेने मुंबईत यायचे आणि त्या आकड्यांवर पैसे लागायचे. १९६१ च्या सुमारास ते भाव यायचे बंद झाले. मग कल्याणजी भगत आणि पुढे रतन खत्री यांनी इथेच आकडा काढायला सुरुवात केली. ओपन-क्लोज चाळीचाळीत पोचलं. खेळायला कुठे जावं लागत नव्हतं, आकडा घेणारा नाक्यावरच उभा असायचा. हाताशी असलेला जुगार घरात लवकर शिरतो.  गिऱ्हाईक कोण होतं, ते यातूनच कळतं.

१९७६ साली, आणीबाणीत, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने चक्क कॅसिनोचा कायदा केला. नियंत्रण आणि कर, दोन्ही त्यात. पण तो अमलात आणायची अधिसूचना कधी निघालीच नाही. सरकारं आली, गेली. सत्तेचाळीस वर्षं कायदा कागदावरच राहिला. शेवटी २०२३ मध्ये राज्य सरकारने तो रद्द करायचा निर्णय घेतला.

शेजारच्या गोव्यात उलटं झालं. १९९२ मध्ये तिथे पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला वाट मिळाली. १९९६ च्या दुरुस्तीने समुद्रातल्या जहाजांवर टेबलावरचे खेळ आले. ऐकताना वाटावं, जहाज दूर समुद्रात जाईल. प्रत्यक्षात जहाजं नांगरली मांडवीत, पणजीच्या अगदी दारात. ती हलवायची आश्वासनं एकामागून एक सरकारांनी दिली, आणि मुदतवाढीही दिल्या. 'तात्पुरती' जागा कायमची कशी होते, ते पणजीकरांना विचारा.

आणि आता आपला मुद्दा. २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत जायला बंदी आहे. पण बंदी गोवेकराला, बांद्याच्या पोराला नाही! पत्रादेवीचा नाका ओलांडला की सिंधुदुर्गातला माणूस 'पर्यटक' होतो. म्हणजे गोव्याने आपल्या घराला कडी लावली आणि दार उघडलं ते आपल्या अंगणात. महसूल पणजीला, कर्ज मात्र सावंतवाडी-कुडाळच्या घरांत. हे मुंबईच्या चर्चेत कोणी बोलतं का?

सिंगापूरचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच. २००५ मध्ये तिथल्या सरकारने दोन कॅसिनोंना परवानगी दिली. एक मरिना बेला, समुद्रात भराव टाकून मिळवलेल्या जमिनीवर. दुसरा सेंटोसा बेटावर, जिथे पूर्वी ब्रिटिशांचा लष्करी तळ होता. दोन्ही ठिकाणी कोणाच्या वस्तीत घुसून बांधकाम केलं नाही. शिवाय तिथल्या नागरिकाला आत जायला शंभर डॉलर भरावे लागत, २०१९ पासून दीडशे. पर्यटकाला प्रवेश फुकट. घरचा माणूस जुगारात बुडत असेल, तर घरच्यांना अर्ज करून त्याचा प्रवेश बंद करता येतो. थोडक्यात, जागा निवडतानाच आपल्या माणसाच्या वाटेत अडसर ठेवला. हा अर्धा भाग आपले पुढारी सांगत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. लोकल स्टेशनच्या जवळ नको, वस्तीत नको, गिरण्यांच्या जमिनीवर तर नकोच. ज्यांच्या घामाची ती जमीन, त्यांच्या नातवंडांसाठी तिथे जुगाराचं टेबल मांडायचं? आणि 'मुंबई नको तर सीमेवर, कोकणात द्या' हेही चालणार नाही. मुंबईत अवघड जाईल ते गुपचूप आमच्या किनाऱ्यावर ढकलायचं, असं पुन्हा होऊ देऊ नका.

कायदा आज नाही. पण गेलेला कायदा परत यायला एक अधिवेशन पुरतं. तेव्हा पुन्हा कोणी महसुलाचे आकडे घेऊन आला, तर दोनच प्रश्न विचारा: जागा कुठली? आणि तिथे चालत पोचणारा माणूस कोण?

तुमच्या गावातून किती गाड्या शनिवारी पणजीला जातात, ते बघा. मग बोलू.