ओझे आणि वजन

गेल्या वर्षी आमच्या पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थिनी व्यायामशाळेत जाऊन वजने उचलू लागली. ही वार्ता प्राध्यापक-कक्षात पोहोचली तेव्हा 'आता काय, पैलवान होणार?' असे कुणीतरी म्हणाले आणि आम्ही सगळे हसलो. मीही हसले. त्या हसण्याचे मूळ कोठवर जाते, हे पाहावेसे नंतर वाटले.

ते आपल्याच पेशापाशी येऊन पोहोचते. १८७३ मध्ये बॉस्टनचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी मुलींना मुलांप्रमाणेच उच्च शिक्षण देण्याविरुद्ध एक पुस्तक लिहिले. शरीरातील शक्तीचा साठा ठरावीक असतो. ऐन वाढीच्या वयात मुलीने तो अभ्यासाकडे वळवला तर तिच्या प्रजननेंद्रियांची वाढ खुंटते, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. शिकलेल्या स्त्रीच्या ताटातील अन्नाच्या अळ्या होतात, ही आपल्याकडची समजूतही एकोणिसाव्या शतकातलीच. बॉस्टनच्या समजुतीला वैद्यकाची भाषा लाभली होती, एवढाच फरक. पुढे पुस्तकाची भीती ओसरली. वजनाची मात्र टिकून राहिली.

आणि त्या सर्व काळात बायका वजन उचलतच होत्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. आपण वर्गात ओवीची लय शिकवतो, तिच्यातील माहेर शिकवतो. वरच्या तळीचा दगड किती जड होता, हे कुणी विचारत नाही. 'आमच्या आज्या कुठे जिममध्ये गेल्या होत्या?' हा प्रश्न मात्र हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर ओझे आणि वजन या दोन शब्दांतील अंतरात आहे. ओझे दुसरा कुणी ठरवतो. त्याला विश्रांतीचा दिवस नसतो आणि ते बाळंतिणीलाही चुकत नाही. बहुधा ते अर्धपोटी उचलावे लागते. व्यायामातील वजन आपण निवडतो, थोडेथोडे वाढवतो, आणि स्नायूंना सावरायला अन्न व उसंत देतो. आज्यांचे श्रम थोरच होते, पण त्यांना व्यायाम म्हणणे हा त्यांच्या झिजलेल्या गुडघ्यांवर अन्याय आहे.

असे वजन निवडणाऱ्यांत ॲबी स्टॉक्टन (१९१७–२००६) हे नाव ठळक आहे. वडिलांनी लहानपणी ठेवलेले 'पजी', म्हणजे गुबगुबीत, हे लाडके नाव तिला जन्मभर चिकटले. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे ती टेलिफोन ऑपरेटर होती. बैठ्या कामाने वजन वाढले, म्हणून तिचा मित्र आणि पुढे पती झालेला लेस याने तिला डंबेल्स आणून दिली. लवकरच ती दोघे तेथील समुद्रकिनाऱ्यावर कसरती करू लागली. सुमारे ५२ किलो वजनाची ही स्त्री ८० किलोंहून जड लेसला हातांवर तोलून डोक्यावर धरी. १९४४ पासून 'स्ट्रेंग्थ अँड हेल्थ' या मासिकात ती स्त्रियांसाठी सदर लिहू लागली. त्याचे नाव 'बारबेल्स', बारबेल आणि सुंदरी या दोन्ही शब्दांवरची कोटी. फेब्रुवारी १९४७ मध्ये लॉस एंजेलिस येथे स्त्रियांची वजन उचलण्याची अधिकृत स्पर्धा झाली. तीत तिने क्लीन अँड जर्क प्रकारात १३५ पौंड, म्हणजे ६१ किलो, उचलले. पुढच्याच वर्षी तिने स्त्रियांसाठी व्यायामशाळा काढली. तिच्या नावात मात्र बळाचा उल्लेख नव्हता. ते 'फिगर' घडवण्याचे 'सलून' होते. बळ विकायचे तर त्यावर सौंदर्याचे लेबल लावावे लागे. ते लेबल आजही पुरते निघालेले नाही.

त्यानंतरचा काळ रेंगाळलेला दिसतो. पुरुषांचे वजन उचलणे १८९६ च्या पहिल्याच ऑलिंपिकमध्ये होते. स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ मध्ये झाली आणि ऑलिंपिकचे दार २००० मध्ये उघडले. त्याच वर्षी सिडनीत आंध्रच्या श्रीकाकुलम जिल्ह्यातील कर्णम मल्लेश्वरी हिने ११० आणि १३० असे एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. आपल्या देशातील स्त्रीचे पहिले ऑलिंपिक पदक वजन उचलून आले, ही गोष्ट आम्हा हसणाऱ्यांच्या लक्षात नव्हती.

क्लार्क यांना उत्तर मिळाले तेही त्यांच्याच बॉस्टनमध्ये. टफ्ट्स विद्यापीठाच्या मिरियम नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नास ते सत्तर वयाच्या, रजोनिवृत्त झालेल्या ३९ स्त्रियांचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे निम्म्या जणींनी वर्षभर आठवड्यातून दोनदा जड वजनांचा व्यायाम केला. त्यांच्या मांडीच्या हाडाच्या मानेची घनता ०.९ टक्के वाढली. व्यायाम न करणाऱ्यांची २.५ टक्के घटली. आकडे किरकोळ वाटतात, परंतु या वयात हाड झिजणे हाच नियम असतो. शिवाय स्नायूंचे बळ आणि तोल हेही सुधारले, आणि म्हातारपणी हाड मोडते ते बहुधा तोल गेल्यावरच. राहिला 'पैलवान' होण्याचा प्रश्न. स्त्रीच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषाच्या मानाने फारच थोडे असते. बळ वाढते, पण दंड फुगत नाहीत. फुगवायचेच ठरवले तर वर्षानुवर्षे झटावे लागते, आणि कुणी तसे ठरवले तरी हसण्यासारखे त्यात काय आहे?

माझी रजोनिवृत्ती आता फार दूर नाही. आईच्या खुब्याचे हाड न्हाणीघरात घसरून मोडले, तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची होती. परवा त्या विद्यार्थिनीला गाठून विचारले, 'माझ्यासारखीने सुरुवात कशाने करावी?'

ती जराही हसली नाही. म्हणाली, 'आधी दोन-दोन किलोंची डंबेल्स, मॅडम. आणि एक दिवसाआड.'