खांब आपल्या आवारात, हक्क कोणाचा?

तळेगाव दाभाड्यात ज्यांचा जुना बंगला किंवा थोडी शेती आहे, त्यांना एक प्रश्न हमखास पडतो. सात-बारा आपल्या नावावर, कर आपण भरतो. मग कुंपणाच्या आतला विजेचा खांब कोणाच्या परवानगीने उभा आहे?

वहिवाट आपल्याला जुनी आहे. पलीकडच्या शेतात जायची वाट, पाटाचं पाणी, यांवर गावोगाव भांडणं झाली, पण त्यात दोन्हीकडे शेजारीच असत. वीज आली तेव्हा पलीकडे शेजारी राहिला नाही, कंपनी आली. टाटांची जलविद्युत कंपनी १९१० साली स्थापन झाली, १९११ मध्ये लोणावळ्याला पायाभरणी झाली आणि १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पाणी मावळचं, दिवे मुंबईचे, हे त्या काळापासूनचं आहे.

१९१० च्याच वीज कायद्यात मालकाच्या संमतीशिवाय खाजगी जागेत तार टाकता येत नव्हती. पण लगेच खाली अपवाद होता. तारेला आधार देणारा खांब किंवा ताण मालकाचा विरोध असला तरी जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या लेखी हुकमाने उभारता येई. शिवाय १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार सरकार वीजवाल्यांना देऊ शके, आणि मग संमतीचा प्रश्नच उरत नसे. २००३ च्या कायद्यातलं कलम १६४ हीच वाट पुढे चालवतं.

तार कायद्याची भाषा मात्र आम्हाला विचार करण्यासारखी वाटते. तो म्हणतो, जमिनीत फक्त वापराचा हक्क मिळेल, मालकी नाही. नुकसान कमीत कमी करा आणि झालं त्याची पूर्ण भरपाई द्या. तत्त्वज्ञानाच्या वर्गात स्वामित्व आणि उपयोग यांतला फरक शिकवायला आम्हाला तास लागत असे. इथे तो एका वाक्यात उरकला आहे. अडचण पुढे येते. जमीन तुमचीच राहते, पण तारेखाली माडी चढवता येत नाही, उंच झाड ठेवता येत नाही. मग राहिलं ते काय? २०१५ साली केंद्राने मार्गदर्शक दर सुचवले, मनोऱ्याच्या पायाच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के. म्हणजे सव्वाशे वर्षांनंतर सरकारने कबूल केलं की हा नुसता वापर नव्हे.

मुळशीची गोष्ट वेगळी. तिथे वापर नव्हता, १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमीनच गेली. १९२१ च्या एप्रिलमध्ये मावळे सत्याग्रहाला बसले, पुढे सेनापती बापटांनी तो लढा हाती घेतला. धरण झालंच.

घरात शिरण्याबद्दल कायदा अधिक सभ्य आहे. मीटर तपासायचा तर वाजवी वेळी आणि सांगून यावं (कलम १६३). तुम्ही अडवलंत तर लेखी नोटीस देऊन चोवीस तासांनी वीज तोडता येते, दार फोडता येत नाही. वीजचोरीच्या झडतीला सूर्यास्तानंतर घरात यायचं तर घरातला प्रौढ पुरुष हजर हवा! बाईचं घर असलं तर काय, हे कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात आलेलं दिसत नाही.

आणि बऊर. ९ ऑगस्ट २०११ ला पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला जाणाऱ्या बंद जलवाहिनीविरुद्ध शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. त्यात एक बाई होती. जलवाहिनी ज्यांच्या शेतातून जाणार त्यांना मोबदल्याची भाषा तरी होती. पण धरणाचं पाणी नदीऐवजी नळातून गेलं तर काठावरच्या पंपांना पाणी कमी पडेल, ही भीती ज्यांची होती, त्यांच्या जमिनीला कोणी हातही लावणार नव्हतं. वापराच्या हक्काचा कायदा ज्या जमिनीवर पाऊल पडतं तिचीच भरपाई मोजतो. नदीकाठचा शेतकरी त्या हिशेबात कुठेच नव्हता.